एकोणतीस नग

ट्रक दारात लागला तेव्हा रात्रीचे पावणेदहा झाले होते. जूनमधली पहिली मोठी सर नुकतीच रायपूर धुऊन गेली होती आणि गल्लीतली वीज गेलेली. ड्रायव्हरनं केबिनमधून उडी मारली, ओल्या ताडपत्रीकडे एकदा पाहिलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. "दीदी, उनतीस नग हैं. गिन लो, साइन कर दो. मुझे रात में ही निकलना है." आमचे हे त्या आठवड्यात एनसीसीच्या कॅम्पवर. मी मोबाइलच्या उजेडात एकेक पेटी, एकेक खोकं मोजलं. एकोणतीस भरले. सही केली.

सहीच्या वर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली होती : माल सुस्थितीत मिळाला. ती मी वाचली दुसऱ्या दिवशी सकाळी, टीव्हीचं खोकं उघडून झाल्यावर.

टीव्हीच्या पडद्याला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चीर गेली होती. वॉशिंग मशीन एका अंगाला कललेलं. लोखंडी कपाटाचं डावं दार काही केल्या बंद होईना. आणि गाद्यांच्या गाठोड्यातून मोहरीचा, हिंगाचा वास येत होता. सासूबाईंनी दिलेली लोणच्याची चिनी मातीची बरणी मी मऊ जागा म्हणून गाद्यांच्या मध्ये ठेवली होती. बरणीचे सात तुकडे झाले होते आणि वर्षभराचं तेल दोन गाद्यांनी पिऊन टाकलं होतं. नग मात्र एकोणतीसच. एकही कमी नाही.

फौजी घरांत अशा गोष्टींचा फार बभ्रा करत नाहीत. शेजारची भाभी विचारते, "सामान नीट आलं ना?" आपण म्हणतो, "थोडंफार फुटलंच." तीही मान हलवते, कारण तिच्याकडे मागच्या पोस्टिंगमध्ये फ्रिज चेपला होता. दर दोन-तीन वर्षांनी घर उचलायचं म्हटल्यावर थोडं नुकसान गृहीतच धरायचं, अशी आपली समजूत. या वेळी मात्र मी ठरवलं, भरपाई मागायची. मिळेल न मिळेल, पण निदान कुणाकडे आणि कशाच्या जोरावर मागायची हे तरी कळेल. त्यातून जे कळलं ते असं की, एकाच संसाराचं वजन वेगवेगळे लोक वेगवेगळ्या काट्यांवर करतात, आणि कुठलेच दोन काटे एकमेकांशी जुळत नाहीत.

काळ्या पेट्या

आमच्या एकोणतीस नगांतल्या सहा काळ्या पेट्या होत्या. ज्याच्या घरात फौजी आहे त्याला त्या ओळखून द्याव्या लागत नाहीत. पत्र्याच्या, काळ्या ऑइलपेंटच्या, दोन्ही बाजूंना कड्या, आणि झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, युनिट. बदली झाली की जुनं युनिट काळ्या रंगानं पुसायचं आणि त्यावर नवं लिहायचं. त्यांतली एक पेटी सासऱ्यांची. ते सातारा जिल्ह्यातून फौजेत गेले. त्या पेटीचा रंग जिथे खरवडला आहे तिथे खालचे थर दिसतात : एका अक्षराच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं.

त्यांच्या काळी सामान रेल्वेनं जायचं. स्टेशनच्या मालधक्क्यावर पेट्या तोलल्या जायच्या. रेल्वेकडे दोन दर असत, एक मालकाच्या जोखमीचा आणि एक रेल्वेच्या जोखमीचा. हे आजही १९८९ च्या रेल्वे कायद्यात आहे. स्वस्त दर घेतला की फुटलं-तुटलं बहुतेक आपल्या पदरात. दावा करायचा तर सहा महिन्यांच्या आत नोटीस द्यायची. पण त्या पेट्यांमध्ये होतं काय? पितळी भांडी, कांबळी, कपडे, एक स्टोव्ह. पत्र्याच्या पेटीत पितळेचा तांब्या आदळला तर फार तर पोचा पडतो. आता संसारात काच आली, पडदा आला, कॉम्प्रेसर आला. पेट्या त्याच राहिल्या. आत काय ठेवायचं ते बदललं.

मराठी शिपाई घरदार घेऊन या मुलखात येतो हेही काही आजचं नाही. नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत १७४१ मध्ये छत्तीसगडात उतरले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून इथला कारभार पाहू लागले. त्यांच्यामागून शिपाई आले, कारकून आले, पुरोहित आले, त्यांची बायकामुलं आली. रायपुरातला तात्यापारा ही त्या जुन्या मराठी वस्तीची खूण. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचं. १८१८ नंतर इंग्रजांनी राजधानी रतनपूरहून रायपूरला हलवली, तेव्हा पुन्हा एकदा बैलगाड्या भरल्या असणार. वाटेत कुणाची उतरंड फुटली, याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडायची नाही. आज नवा रायपूर आहे, छत्तीसगड-ओडिशा सब एरियाचं मुख्यालय आहे, कांकेरला जंगलयुद्धाचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे, बस्तरच्या वाटेवर निमलष्करी दलांच्या छावण्या आहेत. बदलीचे ट्रक येतच असतात.

सरकारचा काटा

बदली झाली की सरकार सामान नेण्याचा खर्च देतं. तो कशावर मोजतं? किलोवर आणि किलोमीटरवर. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये जे दर लागू झाले त्यांत वेतनस्तर सहा आणि त्यावरच्यांना ६००० किलो, पाचव्या स्तराला ३००० किलो, चौथ्या आणि खालच्यांना १५०० किलो सामानाची मुभा आहे. रस्त्यानं नेलं तर दर किलोमीटरला अनुक्रमे ५०, २५ आणि १५ रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की या दरांत २५ टक्के वाढ. शिवाय नव्या जागी बस्तान बसवायला मूळ वेतनाच्या ८० टक्के अनुदान.

आमचे हे हवालदार, म्हणजे पाचवा स्तर. पुणे ते रायपूर रस्त्यानं साधारण हजार किलोमीटर. वाढीव दरानं सव्वाएकतीस रुपये धरले तर हिशेब ३१,२५० रुपयांचा. प्रत्यक्ष खर्च यापेक्षा कमी असेल तर तेवढाच मिळतो. जास्त असेल तर वरचे आपले. आम्ही ३४,००० दिले.

हा काटा तसा उदार आहे. आमचं सामान तीन हजार किलोंच्या जवळपासही नव्हतं. पण त्याला एकच भाषा कळते : किती आणि किती लांब. दीड टन सामान पुण्याहून निघालं, दीड टन रायपूरला पोचलं, हिशेब मिटला. चीर गेलेल्या टीव्हीचं वजन चांगल्या टीव्हीएवढंच भरतं. प्रवासभत्त्याच्या फॉर्मवर फुटलेल्यासाठी रकानाच नाही.

इथेच पहिली खोच आहे. हा भत्ता मागताना मूळ बिल्टी आणि पावती लावावी लागते. अधिकाऱ्यांची प्रकरणं पुण्याच्या लेखा कार्यालयात जातात. जवानांची त्यांच्या त्यांच्या रेजिमेंटच्या वेतन कार्यालयाकडे, मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगावला. म्हणजे पुढे ट्रकवाल्याशी भांडायचं तर ज्या कागदावर भांडायचं तो आपल्या हातातून आधीच गेलेला असतो. मूळ कागद देण्याआधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मागची बाजू महत्त्वाची. सगळ्या अटी तिथेच छापलेल्या असतात.

दुसरी खोच जरा अडचणीची आहे, पण ती न सांगता पुढे जाता येत नाही. बदलीच्या दिवसांत 'क्लेमचं बिल' नावाची चीज बाजारात मिळते : सामान गेलं एका गाडीतून, बिल दुसऱ्याच गाडीचं, रक्कम हक्काच्या आकड्याला नेमकी चिकटलेली. काही घरं त्याला हो म्हणतात. तो सरकारची फसवणूक करणारा गुन्हा आहे, ही गोष्ट आहेच. पण फुटलेल्या कपाटाच्या दृष्टीनंही तो आत्मघात आहे. ज्या गाडीत तुमचं सामान कागदोपत्री नव्हतंच, त्या गाडीत ते फुटलं असं तुम्ही कोणत्या तोंडानं सांगणार?

बिल्टीचा काटा

बिल्टी हा शब्द आपण सहज वापरतो. कायद्याच्या दृष्टीनं ती मालवाहकानं दिलेली मालाची पावती. तिच्याआधी एक कागद असतो, आपण मालवाहकाला देतो तो : काय माल, किती नग, किती किंमत. पुण्यात पॅकिंगच्या दिवशी तो आमच्या वतीनं बुकिंगवाल्या मुलानंच भरला. 'घरगुती वापरलेले सामान, २९ नग, किंमत ५०,०००.' मी विचारलं, पन्नासच का? तो म्हणाला, ताई, जास्त लिहिलं तर विम्याचे पैसे जास्त लागतील. मला ते पटलं. माझा सगळ्यात महागडा होकार तो.

कारण रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा २००७ चा कायदा, जो १ मार्च २०११ पासून लागू झाला आणि ज्यानं १८६५ चा इंग्रजी अमदानीतला कायदा मोडीत काढला, तो मालवाहकाची जबाबदारी मर्यादित करतो. त्याखालचे २०११ चे नियम सांगतात : भाड्याच्या दहापट, पण आपण कागदावर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. दहापट ऐकून माणूस खूश होतो. चौतीस हजारांच्या दहापट म्हणजे तीन लाख चाळीस हजार! पण आमच्या कागदावर पन्नास हजार लिहिलेले. ट्रक देवरीच्या घाटात उलटला असता आणि सगळा संसार दरीत गेला असता, तरी कायद्याच्या काट्यावर तो पन्नास हजारांचाच. आमचं नुकसान पन्नासाच्या आत राहिलं, ही पावसाची कृपा.

याच कायद्यात आपल्या बाजूचंही बरंच आहे. पहिलं, मालवाहकाचा निष्काळजीपणा आपण सिद्ध करायचा नसतो. माल चांगला दिला आणि फुटका मिळाला, एवढं दाखवलं की पुरे; आपली चूक नव्हती हे त्यानं दाखवायचं. ही तरतूद जुन्या कायद्यातही होती, आणि ती ग्राहक मंचांसमोरही लागू होते असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली, गोदामाच्या आगीत जळालेल्या जनरेटरांच्या खटल्यात सांगितलं. दुसरं, बिल्टीवर छापलेलं 'फक्त अमुक शहराच्या न्यायालयात' हे वाक्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तामिळनाडूतल्या बोडिनायकनूरहून दिल्लीला निघालेले वेलदोडे गोदामात जळाले. बिल्टीवर लिहिलं होतं, खटला फक्त मुंबईत. ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही त्याला दोन पक्ष आपसांत ठरवून तो देऊ शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सुनावलं. बोडिनायकनूरच्या वेलदोड्यांनी रायपूरच्या कपाटाला असा हात दिला.

तिसरी गोष्ट दटावणीची आहे. कोर्टात जाण्याआधी लेखी नोटीस द्यावीच लागते, आणि ती १८० दिवसांच्या आत. कधीपासूनचे दिवस? माल मिळाल्यापासूनचे नव्हे, बुक केल्यापासूनचे. आधी फोन, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग 'साहेब बाहेरगावी आहेत' यात महिने कसे जातात ते कळतही नाही.

सामान फुटतं कुठे, हेही मला नंतर कळलं. आपली समजूत अशी की रस्त्यातल्या खड्ड्यांनी. खरं तर हलत्या ट्रकपेक्षा थांबलेला ट्रक जास्त फोडतो. अख्खा ट्रक परवडत नाही म्हणून आपण 'पार्ट लोड' घेतो, म्हणजे एका गाडीत तीन-चार घरांचं सामान. आमचा माल नागपूरला उतरवून दुसऱ्या गाडीत भरला होता. पुण्यात ज्यांनी मशीनखाली थर्माकोल नीट दाबला त्यांना नागपूरच्या हमालांनी पाहिलंही नव्हतं, आणि नागपूरच्या हमालांना खोक्यावरचा बाण वर की खाली याची पर्वा करायला कुणी पैसे दिले नव्हते. 'वाटेत गाडी बदलणार नाही' ही ओळ बुकिंगच्या कागदावर लिहून घेतली तर भाडं थोडं वाढतं. पण कामाची ओळ तीच.

विम्याचा काटा

आमच्या बिलात 'विमा – १५००' अशी ओळ होती. पन्नास हजारांवर तीन टक्के. मी मालवाहकाला म्हटलं, विम्याचा दावा करते, पॉलिसी द्या. तेव्हा उत्तर मिळालं की तो विमा नव्हता, 'रिस्क चार्ज' होता. यात तथ्य नाही असं नाही : जास्त जोखमीचा दर देऊन मालवाहकाची जबाबदारी वाढवता येते, असं कायदाच म्हणतो. पण तसा दर घेतला तर तो तसा लिहावा. विमा म्हणून पैसे घ्यायचे आणि पॉलिसी नाही, ही या धंद्यातली जुनी सवय. ज्या कागदावर विमा कंपनीचं नाव, आपलं नाव आणि पॉलिसीचा नंबर नाही, तो विमा नाही.

खरा विमा घेतला तरी त्याचा काटा आणखी निराळा. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात एक सर्व जोखमींचा प्रकार असतो आणि एक ठरावीक संकटांचा : आग, वीज, पूल कोसळणं, टक्कर, गाडी उलटणं. दुसरा स्वस्त. पण आमचा ट्रक ना जळला, ना उलटला. हमालानं खोकं आडवं ठेवलं, एवढंच. त्या प्रकारात आम्हाला छदामही मिळाला नसता. मशीन बाहेरून ठीक पण आतून चालेना, असं असेल तर सर्व जोखमींच्या विम्यातही बहुधा ते वगळलेलं असतं. आणि विमा कंपनीचा सर्वेक्षक चार वर्षांच्या टीव्हीला चार वर्षांचा टीव्ही म्हणूनच मोजतो, नव्याच्या किमतीनं नव्हे. वस्तूचं वय तो धरतो. तिचं आपल्या घरातलं वय त्याच्या कोष्टकात बसत नाही.

दूरच्या एका व्यवस्थेकडे बघितलं तर फरक लख्ख दिसतो. अमेरिकी सैन्यात बदलीचं सामान लष्करानं ठरवलेला मालवाहक नेतो. प्रत्येक वस्तूला नंबराची चिकटपट्टी लागते आणि तिची त्या वेळची अवस्था यादीत लिहिली जाते. घरी उघडल्यावर सापडलेलं नुकसान कळवायला १८० दिवस आणि दावा नऊ महिन्यांत केला तर वस्तूची पूर्ण नवी किंमत. तिथल्या बायकाही रागावलेल्याच असतात. ट्रक तिथेही उशिरा येतात, पेट्या तिथेही हरवतात. पण फुटलेल्या वस्तूसाठी तिथल्या लष्कराच्या कागदावर रकाना आहे. आपल्याकडे नेणं सरकारच्या खर्चानं आणि फुटणं घरच्या खात्यावर, अशी विभागणी आहे.

दावा

मग मी काय केलं? आधी फोटो. प्रत्येक तुटक्या वस्तूचे तीन : अख्खी वस्तू, तुटलेला भाग, आणि खोक्यावरचा नंबर. मग दुरुस्तीवाल्याकडून लेखी अंदाज : टीव्हीचा पडदा २८,०००, मशीन ६५००, कपाट ३०००, दोन गाद्या ९०००. एकूण ४६,५००. मग नोटीस, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. बिल्टीचा नंबर, बुकिंगची तारीख, नग, नुकसानाची यादी, रक्कम, पंधरा दिवसांची मुदत. सही करताना वीज नव्हती आणि आतला माल तपासणं शक्य नव्हतं, हेही लिहिलं. 'सुस्थितीत' या शब्दावर सही झाली म्हणजे सगळं संपत नाही, पण दावा लंगडा होतो. सहीशेजारी 'खोकी न उघडता, आतला माल न तपासता घेतला' एवढं हातानं लिहिलं असतं तर तो लंगडेपणा टळला असता.

उत्तर आलं नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे तक्रार नोंदवली की कंपनीकडे जाते आणि कंपनीचा आवाज थोडा मऊ होतो. आमच्या मालवाहकानं दहा हजार देऊ केले. मी नाही म्हटलं आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार भरली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं फौजी घरावर एक मोठा उपकार केला आहे : तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पुण्याला खेटे घालावे लागले नाहीत. तक्रार ऑनलाइन भरता येते, मुदत दोन वर्षांची. शुल्क ठरतं ते दिलेल्या भाड्यावर, मागितलेल्या भरपाईवर नव्हे. पाच लाखांपर्यंत ते शून्य. वकील सक्तीचा नाही.

पण मुदत दोन वर्षांची आणि पोस्टिंगही दोन-तीन वर्षांचं. तारखा पडत राहतात आणि तोवर नवी मूव्हमेंट ऑर्डर येते. फौजी घरांचे दावे हरतात ते बहुतेक असे. निकालानं नाही, बदलीनं. म्हणून समेटाची बोलणी सुरू झाली तेव्हा मी ताणून धरलं नाही. तीस हजारांवर मिटलं.

वाटाघाटीत त्यांच्या माणसानं माझी यादी एकेक ओळ वाचली. टीव्ही, मशीन, कपाट, गाद्या. गाद्यांशी थांबला. "इसमें तेल का दाग लिखा है. तेल कहाँ से आया?" मी बरणीचं सांगितलं. त्यानं मान हलवली : खाण्याचे पदार्थ आणि पातळ वस्तू आम्ही नेतच नाही, मागच्या बाजूला अट क्रमांक नऊ. त्याचं बरोबर होतं. बरणी यादीत नव्हती. तिचे पैसे मी मागितलेही नव्हते. कोणत्या रकान्यात आणि किती मागायचे? आणि बरणीमुळे गाद्यांचेही कापले गेले.

सप्र्यांची टोपली

रायपुरात बूढापाऱ्याकडे गेलं की सप्रे शाळा लागते. माधवराव सप्रे, मराठी माणूस, हिंदी पत्रकारितेच्या आद्य नावांपैकी एक. त्यांनी १९०० मध्ये पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं, आणि १९२६ मध्ये याच शहरात देह ठेवला. १९०१ मध्ये त्यांनी एक छोटी गोष्ट लिहिली, एका टोपलीभर मातीची. जमीनदारानं एका म्हातारीची झोपडी बळकावली. नात जेवेना, म्हणून चूल घालायला ती त्याच जागेची टोपलीभर माती मागायला येते आणि जमीनदारालाच म्हणते, जरा टोपली उचलायला हात लावा. त्याला ती उचलत नाही. एक टोपली पेलवत नाही, तर इथली हजारो टोपल्या माती जन्मभर कशी पेलाल, असं ती विचारते.

शाळेत शिकवतात ती गोष्ट जमीनदाराच्या पश्चात्तापाची. मला हल्ली ती काट्याची वाटते. त्या टोपलीचं वजन किलोत भरलं असतं तर कुठल्याही हमालानं ती खांद्यावर टाकली असती.

पुढच्या पोस्टिंगची यादी मी आत्ताच सुरू केली आहे. एका दोनशे पानी वहीत, एका पानावर एक नग : काय, कधी घेतलं, किती किमतीचं, आधीचा पोचा कुठे, फोटो कुठल्या तारखेचा. या वेळी किंमत खरी लिहिणार. विम्याचे पैसे जास्त लागले तर लागोत. सासऱ्यांच्या काळ्या पेटीला यादीत पहिला नंबर दिला आहे.

सासूबाईंनी नवी बरणी पाठवली, कैरीचं लोणचं भरून, गावच्या एका मुलाबरोबर, रेल्वेनं. तो रात्रभर ती पायांत धरून बसला होता म्हणे. तिला मी वहीत पान दिलेलं नाही. ट्रक निघेल तेव्हा ती माझ्याबरोबर गाडीत असेल, मांडीवर.